गाडीचा ब्रेक : आधी दुरुस्ती, मग सुधारणा



शेतकी विभागाच्या पानावर आपण बेणे निवड, खोडवा, पाचट कुजविणे, ठिबक असे विषय वाचत आला आहात. या वेळचा विषय निराळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने मोटारीच्या ब्रेकवर कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. पण गाळप हंगामात आमचा निम्मा दिवस रस्त्यावर जातो आणि वावराच्या बांधावर उसाइतकीच चर्चा गाडीची होते. उसाचे बिल आले म्हणजे जुनी जीप किंवा कार घेणारे सभासद पुष्कळ आहेत. गाडी घेतली की महिनाभरात प्रश्न येतो, "साहेब, ब्रेक जरा कमी लागतो. पुढच्या चाकांना मोठी डिस्क बसवून घेऊ का?"

हा प्रश्न आताच जास्त का येऊ लागला, त्यालाही कारण आहे. उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ या गावांवरून जाणारा तुळजापूर-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 361 आपल्या जिल्ह्यात चौपदरी झाला. पूर्वी खड्डे चुकवत 45-50 च्या वेगाने जाणारी गाडी आता सहज 80-90 ने पळते. गाडी तीच, ब्रेक तेच, रस्ता मात्र बदलला. त्यातच हंगामात आडरस्त्याने उसाच्या ट्रॉल्या आणि बंड्या याच रस्त्यावर येतात. रात्री त्यांना मागे दिवा असतोच असे नाही. तेव्हा ब्रेक चांगला असावा ही इच्छा रास्तच आहे. फक्त पैसा कशावर घालावा, याचा थोडा विचार करू.

ब्रेक म्हणजे काय, तर गाडीच्या वेगाची उष्णता करणारे साधन. दुसरे काही नाही. चार माणसांसह 1,300 किलो वजनाची कार ताशी 80 किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबविली, तर सुमारे 320 किलोज्यूल उष्णता तयार होते. घरच्या भाषेत सांगायचे तर एक लिटर साधे पाणी उकळीला आणायला जेवढी आच लागते, तेवढी. ही सगळी आच तीन-चार सेकंदांत चार चाकांतल्या लोखंडात शिरते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. 40 वर जो ब्रेक उत्तम वाटतो तोच 80 वर अपुरा वाटतो, तो याचमुळे. ब्रेक बिघडलेला असतोच असे नाही.

आता अंतर पाहू. चांगले टायर आणि कोरडा डांबरी रस्ता असेल, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत 40 च्या वेगाला सुमारे 9 मीटर, 60 ला 20 मीटर आणि 80 ला 36 मीटर लागतात. समोरची वस्तू दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात 80 च्या वेगाची गाडी आणखी 22 मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एकूण 58 मीटर, जवळजवळ 190 फूट. रस्ता ओला असेल तर हेच अंतर 85 मीटरपर्यंत जाते. हेडलाइटच्या मंद प्रकाशात बिनदिव्याची ट्रॉली किती अंतरावरून दिसते, हे आपण सर्वजण जाणताच.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. डिस्क केवढी, कॅलिपर कोणत्या कंपनीचे, याचा त्यात कुठेच संबंध आला नाही. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. जोराने पाय दिल्यावर चाक जागच्या जागी जाम होत असेल, किंवा ज्या गाडीत ए.बी.एस. आहे तिच्यात पेडल थरथरत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. त्यावर कितीही मोठी डिस्क बसवा, एका वेळच्या थांबण्यात फुटभराचाही फरक पडणार नाही. मोठी डिस्क उपयोगी पडते ती पुन्हा पुन्हा ब्रेक मारताना, घाट उतरताना किंवा गाडी भरलेली असताना, कारण तिच्यात उष्णता सामावून घ्यायला लोखंड जास्त असते.

सबब पहिला खर्च टायरवर. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी पुष्कळ शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांचा टायर चांगला मानू नये, रबर कडक होते आणि पकड जाते. नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे दिलेले असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरले, टायर संपला. आणखी एक. जीपला शोभेसाठी मोठे, जाड टायर लावण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे. चाकाचा व्यास दहा टक्के वाढला की त्याच ब्रेकने तेवढीच गाडी थांबवायला सुमारे दहा टक्के जास्त जोर लागतो. म्हणजे हौसेखातर ब्रेक कमी करून घेतला, असाच त्याचा अर्थ.

ड्रम आणि डिस्क

या दोन्ही कल्पना जवळजवळ एकाच वेळच्या आहेत. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक आणला तो 1902 साली, आणि इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले तेही 1902 सालीच. पण पुढची पन्नास वर्षे चालला तो ड्रम. 1953 साली ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार गाडीने डिस्क ब्रेकवर जिंकली, आणि मग मोटार कंपन्या हळूहळू डिस्ककडे वळल्या.

आपल्या महाराष्ट्रात ड्रम ब्रेक ओळखीचा झाला तो फियाट आणि जीपमुळे. फियाट बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी 1944 साली शेठ वालचंद हिराचंद यांनी काढली. रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने उभारणारे तेच हे वालचंद. साखर आणि मोटार यांची सोयरीक अशी जुनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट 1100 आणि पुढे पद्मिनी या गाड्यांना चारही चाकांना ड्रम असत. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी त्याच ब्रेकवर लाखो किलोमीटर गाड्या चालविल्या. मुंबईतून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली. तेव्हा ड्रम म्हणजे टाकाऊ असे समजू नये. हळू वेगाला तो उत्तम काम करतो, आणि त्यात एक खुबी आहे. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेने एक शू आपोआप ड्रमकडे ओढला जातो, त्यामुळे कमी जोरात जास्त ब्रेक लागतो.

त्याची उणीव उष्णतेत आहे. ड्रम तापला की फुगतो व शूपासून दूर जातो. पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क तापली तर पॅडकडे फुगते, शिवाय ती उघड्या हवेत असते. दुसरी उणीव पाण्याची. नाला ओलांडताना ड्रममध्ये पाणी व आपल्या काळ्या मातीचा चिखल शिरतो आणि तिथेच बसतो. ड्रमची गाडी असलेल्यांनी पाण्यातून निघाल्यावर शे-दोनशे मीटर हलका ब्रेक धरून लायनर वाळवावे. ते न करता एकदम वेग घेतला, तर पहिल्या दाबाला गाडी थांबत नाही आणि दुसऱ्या दाबाला एका बाजूला ओढते.

आधी जे आहे ते पूर्ववत करा

माझे स्पष्ट मत असे आहे की, "ब्रेक कमी लागतो" म्हणणाऱ्या दहातल्या आठ-नऊ गाड्यांना सुधारणेची गरज नसून दुरुस्तीची गरज असते. कंपनीतून बाहेर पडली तेव्हा ती गाडी नीट थांबत होती. मग आता का थांबत नाही, हे आधी शोधले पाहिजे.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. आपण त्याला ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नव्हे. ते हवेतली ओल शोषून घेणारे द्रव आहे, उघड्यावर ठेवलेल्या मिठासारखे. डॉट 3 प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात तीन-साडेतीन टक्के पाणी मुरले की तेच 140 अंशांना उकळू लागते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155 असे आहेत. उतारावर ब्रेक तापला, आतले ऑइल उकळले, वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल दाबल्यावर बुडबुडेच दबतात आणि शू हलत नाहीत. यालाच आपले ड्रायव्हर "ब्रेक फेल झाला" म्हणतात. गाडी थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागतो, म्हणून मिस्त्रीला काहीच सापडत नाही. दर दोन वर्षांनी हे ऑइल संपूर्ण काढून नवे भरावे व चारही चाकांची हवा काढावी. एका टन उसाच्या बिलात हे काम होऊन वर पैसे उरतात. बुलेटला फटाक्याचा सायलेन्सर लावायला पैसे असतात आणि ब्रेक ऑइलला नसतात, हे मला कधी उमगलेले नाही.

झाकणावर डॉट 3 की डॉट 4 हे लिहिलेले असते. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालते, आणि तीच सर्वांत स्वस्त व निर्धोक सुधारणा आहे. डॉट 5 हे मात्र सिलिकॉनचे असते, ते यात मिसळू नये. आणि कमी झाले म्हणून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चुकूनही ओतू नये. रबरी वायसर फुगतात आणि सबंध ब्रेकची लाइन निकामी होते. डबा उघडला की वर्षभर कपाटात ठेवून पुन्हा वापरू नये, लहान डबा घ्यावा.

त्यानंतर रबरी होज. ते बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून सुजतात. दाबाने ऑइल पुढे जाते पण परत येत नाही, त्यामुळे एक चाक सतत घासत राहते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न मारता गाडी उभी करा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या. हात टेकवू नका, जवळ न्या. एकच चाक जास्त गरम लागले तर होज किंवा कॅलिपर जाम आहे. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडीचा आकडा ओतलेला असतो, ड्रमच्या आत जास्तीत जास्त व्यासाचा असतो. मिस्त्रीकडे मोजमापाचे साधन नसेल तर लेथवाल्याकडे असते. त्या आकड्यापलीकडे गेलेली डिस्क पुन्हा घासून बसविणे म्हणजे जुन्या रोगट बेण्यावर नव्या लागणीचा खर्च करणे होय.

मापाच्या साधनाशिवाय पेडलही बरेच सांगते. पेडल स्पंजसारखे लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे वायसर गेले. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक काम करीत नाही, किंवा तिथे लायनरवर ऑइल सांडले आहे. पेडल पायाला हिसके देत असेल तर डिस्क वाकडी किंवा ड्रम अंडाकृती झाला आहे. आणि पेडल दगडासारखे कठीण असेल तर बूस्टर पाहा. त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. नाही गेले, तर बूस्टर तरी गेला किंवा त्याची नळी फुटली. कित्येकदा ती लहानशी नळीच फुटलेली असते आणि माणूस मोठ्या डिस्कचा भाव विचारत फिरतो.

येथे मिस्त्री मंडळींसाठी एक सूचना. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावे, आणि शेजारी लहान मुले उभी असतील तर त्यांना दूर करावे.

मग सुधारणा कोणती?

दुरुस्ती होऊनही ब्रेक कमी वाटत असेल, गाडी नेहमी भरलेली चालत असेल किंवा उताराचा रस्ता रोजचा असेल, तर सुधारणा जरूर करावी. पहिली पायरी चांगल्या प्रतीचे पॅड व लायनर. ते गाडीच्या कंपनीचे किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्या कारखान्याचे घ्यावेत, आणि पावती घेऊन घ्यावेत. नकली पॅड दिसायला हुबेहूब असतात. दोन दाबांत धूर काढतात किंवा पत्र्यापासून सुटून येतात. मात्र शर्यतीच्या गाडीचे पॅड "लय कडक" म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नये. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत. थंडीच्या धुईत सकाळी घरून निघताना पहिला ब्रेक थंड पॅडवरच लागायचा असतो.

दुसरी पायरी म्हणजे त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचे भाग. पुष्कळ गाड्यांच्या स्वस्त आणि महाग प्रकारांत सांगाडा एकच असतो, पण महाग प्रकाराला मोठी किंवा मधून हवा खेळणारी जाड डिस्क असते. असे भाग बसविताना डिस्क, कॅलिपर व त्याचा ब्रॅकेट हे तिन्ही एकत्र घ्यावे लागतात, आणि आपल्या रिममध्ये ते मावतात का हे आधी पाहावे. तेरा इंची रिममध्ये चौदा इंची रिमचा ब्रेक पुष्कळदा बसत नाही. मग रिम, मग टायर, असा खर्च वाढत जातो.

जुन्या जीपला किंवा फियाटला ड्रम काढून पुढे डिस्क बसविणारे कारागीर मोठ्या गावांत आहेत. काम होते, पण अर्धवट झाले तर पूर्वीपेक्षा वाईट होते. वर सांगितले की ड्रमचा शू आपोआप ओढला जातो, डिस्कमध्ये ती सोय नाही. म्हणून बूस्टर नसलेल्या गाडीला नुसती डिस्क लावली तर पेडलवर उभे राहावे लागते. दुसरे असे की, डिस्कच्या कॅलिपरला ऑइल जास्त लागते. जुना लहान मास्टर सिलिंडर तेवढे ढकलू शकत नाही आणि पेडल तळाला जाते. उलट फार मोठा मास्टर सिलिंडर घातला तर पेडल कठीण होते. तिसरे, ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राखणारी एक झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासतात. हे तिन्ही प्रश्न कारागिराला विचारावेत. "काही होत नाही हो" असे उत्तर आले तर गाडी तिथून परत आणावी.

आणि मागच्या चाकांचा मोह धरू नये. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. म्हणून कंपनी मुद्दाम मागचा ब्रेक सौम्य ठेवते. मागे जास्त ब्रेक दिला तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. पुढची चाके जाम झाली तर गाडी सरळ घसरते, मागची झाली तर आडवी होते. मागचा दाब कमी करणारी झडप काही गाड्यांत मागच्या धुऱ्याजवळ असते. ती गळते म्हणून बायपास करून देणारे मिस्त्री आहेत, तसे करू देऊ नये.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या पॅडच्या जागी तसेच पॅड घालणे हा बदल नव्हे. सबंध ब्रेकची रचना बदलायची असेल, तर आधी यवतमाळच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. ब्रेकची जी काही कसोटी आहे ती पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत, 1966 पासून चालत आलेल्या प्रयोगशाळेत, गाडी भरून व रिकामी चालवून घेतली जाते. गल्लीतल्या गॅरेजात तशी सोय नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

ज्यांना गाडी बदलायचीच आहे त्यांच्यासाठी दोन शब्द ए.बी.एस. बद्दल. चाक जाम होऊ न देणारी ही योजना 1978 साली जर्मनीत मोटारींना आली. आपल्या देशात एप्रिल 2019 पासून नव्या कारला ती सक्तीची आहे. म्हणून जुनी गाडी घेताना त्यानंतरची घेतली, तर वेगळ्या सुधारणेची गरजच उरत नाही. तिच्यात ब्रेक पंप करायचा नसतो, पूर्ण दाबून धरायचा आणि स्टिअरिंगने गाडी बाजूला काढायची. रस्त्यावर सांडलेले पाचट किंवा मुरूम असेल तर मात्र अंतर कमी होईल असे मानू नये.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा हिशेब

कारचा विचार झाला, पण ज्याच्यासमोर कारला थांबायचे आहे त्या ट्रॉलीचाही हिशेब करून पाहू. ट्रॅक्टर व उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून 22 टन धरले, तर ताशी 20 किलोमीटर वेगाला त्यांच्यात 340 किलोज्यूल शक्ती असते. म्हणजे 80 ने धावणाऱ्या कारपेक्षा थोडी जास्तच. आणि तिला आवरायला बहुतेक ठिकाणी फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचा ब्रेक असतो. ट्रॉलीला ब्रेक दिलेला असला तरी जोडलेला नसतो. दहा मीटर खोलीचा साधा उतार उतरताना याच गाडीला जवळजवळ 2,200 किलोज्यूल उष्णता जिरवावी लागते, सहा-सात लिटर पाणी उकळेल इतकी.

ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे दोन ब्रेक पेडल असतात, शेतात वळण घेण्यासाठी. रस्त्यावर येण्यापूर्वी ते पट्टीने एकमेकांना जोडलेच पाहिजेत. वावरातून थेट रस्त्यावर येण्याच्या घाईत हे राहून जाते, आणि एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॉल्या ढकलत राहतात व ट्रॅक्टर फिरतो. उताराला डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करणे हा तर उघड मृत्यूशी खेळ आहे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, इंजिन निम्मा भार घेते. ट्रॉलीची ब्रेक लाइन जोडून घेणे ही आपल्या भागात सर्वांत गरजेची सुधारणा आहे. कारच्या डिस्कपेक्षा तिच्यावरच आधी खर्च व्हावा, असे मला वाटते. मागे लाल दिवा आणि रेडियम पट्टी नसेल, तर मागून येणाऱ्याच्या डिस्क ब्रेकचा उपयोग फार थोडा आहे. ट्रॉलीच्या मागे मोळ्यांची टोके बाहेर आली की पट्टी झाकली जाते, म्हणून ती फळीवर नव्हे तर खाली चेसिसवर लावावी.

काम करून आणल्यावर

नवे पॅड किंवा लायनर बसविल्याबरोबर ब्रेक पूर्ण लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 15 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा गाडी हळू करावी. मध्ये अर्धा-एक मिनिट चालवून थंड होऊ द्यावी, आणि तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून गाडी उभी ठेवू नये. नाहीतर डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे पेडल हिसके देते. पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवावे. हँडब्रेकही त्याच वेळी उतारावर ओढून पाहावा, मागचे लायनर बदलल्यावर त्याची तार पुन्हा ओढून घ्यावी लागते.

मिस्त्रीकडून जुने पॅड आणि शू मागून घ्यावेत. उजवे-डावे शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही बाजूंची झीज सारखी असेल तर बाकी सर्व ठीक आहे. एका बाजूचा पॅड पत्र्यापर्यंत गेला आणि दुसरा जवळजवळ नवा असेल, तर त्या कॅलिपरच्या पिना जाम आहेत. नवे पॅड घालूनही ते काम बाकीच आहे. गाडी तशीच परत रॅम्पवर चढवायला सांगावी.